आखूड नळीचं रिव्हॉल्वर

जेमतेम दोन इंच नळीच्या रिव्हॉल्वरनं नेम साधता येतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. असलं हत्यार हातभर अंतरासाठी असतं, समोरच्यावर रोखायचं आणि चाप ओढायचा, त्यात नेम कसला, असं माझं सरळ मत होतं. आणि ते माझ्या एकटीचं नव्हतं. ह्यूस्टनच्या आसपास या विषयावर ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांतले बरेच जण हेच सांगायचे: खिशातली बंदूक जवळच्यासाठी, नेमबाजी करायची तर लांब नळीचं पिस्तूल घ्या.

आज मी याच्या अगदी उलट बोलते, म्हणून हे मनोगत. छोटं रिव्हॉल्वर अचूकच असतं. अवघड असतं ते चालवणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या असल्याचं मला रेंजवर घाम गाळल्यावर पटलं.

मी फार्मसीत काम करते. रात्री दुकानाला कुलूप लावून पार्किंगमधून गाडीपर्यंत जायचं, ते बहुधा एकटीनंच. टेक्सासात सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. बंदुकांच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं दुसरं काही न दाखवता स्मिथ अँड वेसनचं 642 पुढे ठेवलं. पाच गोळ्यांचं, .38 स्पेशल काडतुसाचं, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं. हलकं, छोटं, पर्समध्ये मावणारं. बायकांना हेच बरं पडतं, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. लहान हाताला लहान बंदूक, यात न पटण्यासारखं काय होतं?

आता हिशेब बघा. या रिव्हॉल्वरचं वजन साधारण सव्वाचारशे ग्रॅम. घोडा आत दडलेला, त्यामुळे तो अंगठ्यानं मागे ओढून चाप हलका करून घ्यायची सोय नाही. दर गोळीला चापानंच घोडा मागे न्यायचा, सिलिंडर फिरवायचं आणि घोडा सोडायचा. एवढ्या कामाला चापावर पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या बारापट जोरानं ओढलेली वस्तू हातात जराही न हलता धरायची. तुलनेसाठी सांगते, कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारातल्या पिस्तुलाच्या चापाला नियमानं किमान एक किलोचा भार पेलावा लागतो, आणि नेम धरायची मागची खाच ते पुढची माशी हे अंतर 22 सेंटिमीटरपर्यंत ठेवता येतं. माझ्या रिव्हॉल्वरवर ते अंतर जेमतेम नऊ सेंटिमीटर. माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर सात यार्डांवर, म्हणजे सव्वासहा मीटरच्या थोडं पुढे, गोळी सात सेंटिमीटर सरकते. हा आकडा मी स्वतः कागदावर मांडला तेव्हा दुकानातल्या त्या सल्ल्याचा मला रागच आला. नवशिक्या माणसाच्या हातात सगळ्यात अवघड हत्यार द्यायचं आणि वर ते सोपं म्हणून सांगायचं!

तरी इथवर माझा ग्रह तसाच होता. अवघड आहे ना, मग ‘अचूक नाही’ म्हटलं काय आणि ‘अवघड’ म्हटलं काय, फरक काय पडतो? माझ्या गोळ्या कागदभर विखुरलेल्या असायच्या, बहुतेक डावीकडे आणि खाली. दोष मी नळीवर टाकून मोकळी.

रेंजवरचे शिक्षक निवृत्त पोलीस. फार बोलत नाहीत. त्यांनी माझंच रिव्हॉल्वर घेतलं, माझ्याच डब्यातली पाच काडतुसं भरली, टार्गेट पंधरा यार्डांवर नेलं आणि सावकाश पाच गोळ्या झाडल्या. कागद जवळ आला तेव्हा पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. नळी तीच, माशी तीच, दारूही तीच. यापुढे वाद घालायला जागाच उरली नाही.

मग त्यांनी मला पाठ फिरवायला सांगितलं आणि सिलिंडरमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर खोटी मिसळून दिली. कुठल्या घरात काय आहे, मला ठाऊक नाही. पहिल्यांदा दणका बसला. दुसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं ‘खट्’, आणि माझ्या डोळ्यांदेखत नळीचं तोंड खाली गेलं, मनगटासकट. गोळी नव्हती, दणका नव्हता, तरी हात दणक्याची वाट बघून आधीच ढकलून मोकळा झाला होता. खरी गोळी असते तेव्हा हे दिसत नाही, धूर आणि आवाज सगळं झाकून टाकतात. डावीकडे खाली जाणाऱ्या गोळ्यांचं मूळ इथे होतं.

पुढचं शिक्षण बहुतेक घरात झालं, रिकाम्या रिव्हॉल्वरनं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, सिलिंडर उघडून पाचही घरं बोटानं चाचपायची, मग कोऱ्या भिंतीकडे तोंड करून फक्त माशीकडे बघत चाप ओढायचा. भिंतीवर खूण करायची नाही. खूण असली की डोळा तिच्याकडे धावतो आणि माशी धूसर होते. चाप मध्ये थांबवायचा नाही, एका लयीत मागे, आणि सोडताना पूर्ण पुढे. अर्धवट सोडला तर पुढच्या वेळी घोडा उठतच नाही, नुसतं बोट हलतं. घोडा पडतो त्या क्षणी माशी जागच्या जागी राहिली पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. माशीला मी नेलपॉलिश लावलं, भडक नारिंगी. मूळचा करडा धातू मला दिसतच नव्हता.

मूठही बदलली. पिस्तुलावर दोन्ही अंगठे पुढे रोखून धरायची जी पद्धत व्हिडिओंत दिसते, ती इथे चालत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो. बोट तिथे गेलं तर भाजतं, कापतंही. म्हणून अंगठा खाली वळवून मधल्या बोटावर दाबायचा आणि मूठ जमेल तेवढी वर घ्यायची. घोडा आत असल्याचा फायदा इथे मिळतो, पाठीवर अगदी वरपर्यंत हात चढवता येतो. चापावर बोटाचं टोक ठेवून मला जोरच लावता येत नव्हता; पहिल्या पेराची घडी ठेवली तेव्हा चाप सरळ मागे येऊ लागला.

काडतुसांचीही गंमत आहे. हलकी, वेगवान गोळी खाली लागते आणि जड, सावकाश गोळी वर. जड गोळी नळीत जास्त वेळ असते, तेवढ्यात दणक्यानं नळी वर उचललेली असते. या रिव्हॉल्वरची माशी घडवतानाच पक्की बसवलेली, ती वरखाली करता येत नाही. तेव्हा तिच्याशी जमणारं काडतूस आपणच शोधायचं. मी सरावाला 148 ग्रेनची चपट्या तोंडाची वॉडकटर वापरते. दणका सौम्य, आणि कागदावर पंचिंग मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ भोक.

यात नवं काही नाही, हेही कळलं. कोल्टनं दोन इंची डिटेक्टिव्ह स्पेशल 1927 साली काढलं, स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं चीफ्स स्पेशल 1950 मध्ये आलं, आणि साध्या वेशातल्या पोलिसांच्या कित्येक पिढ्या याच जातीच्या हत्यारांवर शिकल्या. त्यांना जे येत होतं ते मला अशक्य वाटत होतं, एवढंच.

टेक्सासच्या परवान्यासाठी पन्नास गोळ्यांची परीक्षा असते: तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा; 250 पैकी 175 गुण हवेत. परवाना सक्तीचा नसतानाही मी ती दिली, आणि याच रिव्हॉल्वरनं दिली. पास झाले. पंधरा यार्डांवरचे माझे हात अजून शिक्षकांसारखे नाहीत, पण आता भरकटलेली गोळी कुठे गेली आणि का गेली, हे कागद जवळ यायच्या आत सांगता येतं. हे महत्त्वाचं अशासाठी की पार्किंगमध्ये चुकलेली गोळी कागदामागच्या मातीच्या बांधात जात नाही. ती कुणाच्या तरी गाडीत, घरात, अंगात जाते.

एका बाबतीत माझं मत बदललेलं नाही. बंदूक आली म्हणून घर सुरक्षित झालं, असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. नवऱ्याचं आणि माझं यावर एकमत आहे, फक्त तिजोरी कुठल्या खोलीत ठेवायची यावर नाही. पण महाराष्ट्र मंडळातल्या बायका आता मला विचारतात, ‘ताई, लहानसं काय घेऊ?’ मी सांगते, लहानसं नंतर. आधी रेंजवर भाड्यानं चार इंची, पोलादी, जड रिव्हॉल्वर घ्या आणि त्याचा घोडा न ओढता, नुसत्या चापावर शिका. एक-दोघींना हे आवडत नाही; जड कशाला, म्हणतात. त्यांना मी माझं 642 रिकामं करून हातात देते, भिंतीकडे तोंड करायला लावते आणि माशीवर डोळा ठेवून एकदा चाप ओढायला सांगते.