लाइनमन काका

सिरियल पोर्ट मुका झाला की मी आजही आधी दोन नंबरची आणि तीन नंबरची पिन जोडतो. हे शिकवणाऱ्या काकांना लिनक्स म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं. गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या समोर. उभी हयात टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेलेली.

२००० च्या आसपासची गोष्ट. माझा मोडेम ओ देईना आणि मी ड्रायव्हरवर संशय धरून बसलेलो. काका चहाला आले होते. म्हणाले, "लूप मारून बघितला का?" फॉल्ट सापडेना की लाइनमन तारांची जोडी एका टप्प्यावर लूप करतो, तिथवर लाइन शाबूत निघाली की पुढे सरकतो. मी त्यांना नऊ पिनांचा नकाशा काढून दिला: दोनवर डेटा आत येतो, तीनवरून बाहेर जातो. त्यांनी वायरचा तुकडा सोलून दोन्ही जोडल्या. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करून मी एक अक्षर दाबलं. ते पडद्यावर परत आलं. म्हणजे ड्रायव्हर, चिप, पोर्ट, सगळे निर्दोष. दोष पुढे होता, केबलीत.

अक्षर परत आलं नसतं तर मागं चालत जायचं. बूटच्या नोंदींत १६५५०ए चिप दिसते का? सेटसिरियल पहिल्या पोर्टाचा पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू ४ दाखवतं का? तिसऱ्या पोर्टावरच्या कार्डानं तोच आयआरक्यू धरलेला नाही ना? हा क्रम माझा, पण चाल काकांची.

लिनक्सचा जन्मही अशाच तारेवरचा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स मोडेमवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरशी बोलायला टर्मिनल एम्युलेटर लिहीत होते, तोच वाढत कर्नल झाला. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे आमच्याच धंद्यातला की!"

पुढं चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये, सीएनसी लेथला प्रोग्राम पाठवणारा कॉम्प्युटर उबुंटू २२.०४ वर नेला. यूएसबी-सिरियल केबल लावली की पोर्ट उगवायचा आणि लगेच गायब. डीमेसेजमध्ये कारण उघड होतं: बीआरएलटीटीवाय या प्रोग्रामनं केबलीतली सीएच३४० चिप ताब्यात घेतली होती. हा अंधांसाठी ब्रेल यंत्रं चालवतो. एका ब्रेल यंत्रात हीच चिप, हाच ओळख क्रमांक. म्हणून ही केबलही त्याला आपलीच वाटते.

मालक म्हणाले, "काढूनच टाका ना साहेब." सोपा उपाय तोच होता. मी मात्र युडेव्हच्या नियमांतली त्या चिपची ओळ तेवढी बंद केली, बाकी ब्रेलची सोय तशीच ठेवली. खांबावर चढल्यावर काका दुसऱ्या ग्राहकाच्या जोडीला हात लावत नसत, मग खाली कितीही घाई चाललेली असो. आणि उद्या त्या वर्कशॉपात ब्रेलवर काम करणारा कुणी येणारच नाही, हे ठरवणारा मी कोण?

"एका ओळीचे एवढे पैसे?" मालकांनी बिल बघून विचारलं. मी ते घेतले. काकांनी आमच्याकडून चहापलीकडं कधी काही घेतलं नाही.