शेवटचा क्रमांक

अब्बांच्या लोखंडी पेटीत सेवापुस्तकाच्या झेरॉक्सखाली एक घडी घातलेला कागद सापडला. 1989 चं हमीपत्र. नव्या जिल्ह्यात माझी सेवाज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून धरावी, त्याला माझी हरकत नाही. खाली अब्बांची वळणदार सही.

मराठवाड्यात अकरा वर्षं शिक्षकाची नोकरी केल्यावर दादीजानला अर्धांगवायू झाला, म्हणून अब्बा टेंभुर्णीला आले. विनंतीवरून जिल्हा बदलला की पगाराला आणि पेन्शनला जुनी नोकरी धरतात. यादीत मात्र माणूस तळाला जातो. दरवर्षी 1 जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती यादी निघे, हरकती मागवल्या जात, मग अंतिम यादी. अब्बा त्यात आपलं नाव खालून शोधायचे. त्यांच्यानंतर आठ वर्षांनी लागलेले गुरुजी त्यांचे मुख्याध्यापक झाले. अब्बा त्यांना 'सर' म्हणत. मला, शाळकरी पोराला, त्याचा संताप यायचा.

पुढे मीही शिक्षक झालो. महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या खटल्यातला 1990 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. नेमणूक नियमानुसार झालेली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीपासून मोजायची, कायम झाल्यापासून नव्हे. मी तो उत्साहाने अब्बांना सांगितला. ते हसले. "बेटा, तो एकाच यादीतल्या लोकांचा झगडा. मी तर यादीच सोडून आलो."

मी हट्टाने म्हणालो, "इमामतीचा क्रम बघा. आधी कुरआन जास्त जाणणारा, मग सुन्नत जाणणारा, मग आधी हिजरत केलेला, त्यानंतर वयाने मोठा. तिथे घर सोडणाऱ्याचा क्रमांक वर जातो!"

"त्यांनी अल्लाहसाठी घर सोडलं होतं," अब्बा म्हणाले. "मी तर घरी परत आलो."

दादीजान त्यानंतर सात वर्षं जगली. रोज फजरच्या आधी तिची कूस बदलून देणारे हात अब्बांचे होते. ही नोंद सेवापुस्तकात नाही.

आज अब्बा नाहीत. अम्मी टेंभुर्णीत एकटी आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. मी कोकणात. वीस वर्षं झाली नोकरीला, पदोन्नतीच्या यादीत नाव वर सरकलंय.

काल बदलीचा अर्ज लिहायला घेतला. हमीपत्राचा मजकूर अब्बांच्याच कागदावरून उतरवला. सही करताना हात क्षणभर थांबला, हे खरं. पण केली.