नागीण आणि ७२ तास

आमच्या सायखेड्यात नागीण उठली की डॉक्टरांआधी सल्ले येतात. गेरू लावा, अमक्याकडून उतरवून आणा, आणि जपा, विळखा पूर्ण झाला की माणूस जातो. काकूच्या तिसऱ्या केमोनंतर हे सगळं आमच्या ओट्यावर आलं.

आधी दोन दिवस तिची डावी बरगडी जळत होती. केमोचंच असेल म्हणून ती गप्प राहिली. मग पाण्याने भरलेले फोड उठले, एकाच बाजूला, पट्ट्यासारखे. लगेच दुसरी चर्चा: हे घरात आणलं कोणी? द्राक्षबागेतल्या मजूर बायकांनी, की पुण्याहून आलेल्या मी?

कोणीच नाही. नागिणीचा विषाणू म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो. रोगप्रतिकारक पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात कॅन्सरबरोबर हे पहारेकरीही कमी होतात. काकूचा विषाणू लहानपणापासून तिच्यातच होता.

विळख्याची भीती अर्धवट खरी आहे. नागीण सहसा एकाच मज्जातंतूच्या वाटेने, एकाच बाजूला पसरते. ती कंबरेला वेढा घालत नाही. पण प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर ती अंगभर, अगदी फुफ्फुसं आणि यकृतापर्यंत जाऊ शकते. म्हणून विळखा नाही, तास मोजायचे. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर सगळ्यात चांगलं.

काकूला त्याच संध्याकाळी नाशिकला नेलं. असायक्लोव्हिर सुरू झालं, पुढची केमो लांबली. फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्यांना कांजिण्या होऊ शकतात, म्हणून फोड झाकले आणि चुलतभावाच्या तान्ह्या मुलीला लांब ठेवलं.

हे औषध गर्ट्रूड एलियन यांच्या चमूने शोधलं. आजोबा कॅन्सरने गेले म्हणून त्या रसायनशास्त्राकडे वळल्या होत्या. रक्ताच्या कॅन्सरवरचं मर्कॅप्टोप्युरिन हे केमोचं औषधही त्यांच्याच कामातून आलं. १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॅन्सरशी लढणारं औषध आणि त्या लढाईत उठणाऱ्या नागिणीवरचं औषध, दोन्हींमागे एकच बाई.

फोड सुकले, जळजळ राहिली. पदर घासला तरी काकू कळवळते. पण गल्लीत कोणाची केमो सुरू झाली की ती स्वतः जाऊन विचारते, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का गं? मग अंग एका बाजूला जळायला लागलं तर गप्प बसू नको."