या माळाचा महापौर कोण?

हरायची सोयच नसलेला व्हिडिओ गेम असतो, हे मला माझ्या सहावीतल्या भाचीनं दाखवलं. मे महिना होता, आणि तोही सोलापूरचा. पारा 43 च्या आगेमागे. पुण्याहून आजोळी आलेल्या पोरीला सकाळी दहानंतर घराबाहेर सोडायची माझी हिंमत नव्हती आणि तिच्यापाशी लॅपटॉप होता. या वयाच्या मुलांचे खेळ म्हणजे धडाधड गोळीबार, अशी माझी समजूत. हिच्या खोलीतून मात्र लाटांचा आणि पाखरांचा आवाज येत होता.

खेळाचं नाव ‘अल्बा : अ वाइल्डलाइफ ॲडव्हेंचर’. लंडनच्या यूस्टू गेम्स या कंपनीनं तो 2020 च्या डिसेंबरात आणला. त्यांचाच ‘मॉन्युमेंट व्हॅली’ अनेकांना ठाऊक असेल. अल्बा नावाची मुलगी सुट्टीत आजी-आजोबांकडे भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर येते. (भाची यावर खूश होती. फक्त तिच्या वाट्याला समुद्राऐवजी सिद्धेश्वर पेठ आली होती.) अल्बाच्या हातात एक फोन. पक्षी दिसला की फोन वर धरायचा, पाखरू चौकटीत आणायचं, बटण दाबायचं. फोन पक्ष्याचं नाव सांगतो आणि यादीत एक भर पडते. बाकीचा वेळ भटकायचं, वाटेतला कचरा उचलायचा, मोडकी पक्ष्यांची घरटी ठोकून नीट करायची.

फोटो काढण्याचे खेळ नवे नाहीत. निन्टेन्डोचा ‘पोकेमॉन स्नॅप’ 1999 चा. पण त्यात एक प्राध्यापक प्रत्येक फोटोला गुण देतो: प्राणी मध्यभागी आहे का, त्याचं तोंड आपल्याकडे आहे का. म्हणजे तिथेही परीक्षा. अल्बात ती भानगड नाही. फोटो वाकडा आला तरी चालतो. घड्याळ धावत नाही, जीव संपत नाहीत. जन्मभर मार्चअखेरचे हिशेब जुळवलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात काय वाटलं असेल ते सांगायला नको. भाची जेवायला उठली की मी लॅपटॉप पुढ्यात ओढायचो. ती परत येऊन यादीतले वाढलेले पक्षी मोजायची आणि भांडायची.

खेळाला गोष्टही आहे. बेटावरच्या राखीव रानात तिथल्या महापौराला हॉटेल बांधायचंय. ते थांबवायला अल्बा आणि तिची मैत्रीण सह्या गोळा करतात. लोकांचं एकेक काम केलं की एकेक सही मिळते. पन्नास झाल्या की काम फत्ते. शिवाय विकल्या गेलेल्या दर प्रतीमागे खरंखुरं एक झाड लावायचं, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. भाचीला याचं भारी कौतुक. ‘मामा, म्हणजे माझ्या नावाचं एक झाड कुठंतरी आहे!’ मीही मान डोलावली.

मग तिनं विचारलं, ‘सोलापुरात असलं रान नाही का?’

माझ्या तोंडून आधी आली ती उजनी. जलाशयावर हिवाळ्यात रोहित येतात, गुलाबी, उंच पायांचे, फोटोला एकदम झकास. पाहुण्यांना आपण तेच सांगतो. त्यानंतर मेळघाट, ताडोबा. मराठीत जंगल लिहिलं ते मारुती चितमपल्लींनी. ते जन्मले याच सोलापुरात, 1932 साली. 2006 चं साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्षही तेच होते आणि 2025 च्या जूनमध्ये त्यांनी देह ठेवला तोही इथेच. पण त्यांच्या नोकरीतलं आणि पुस्तकांतलं रान बरंचसं विदर्भातलं: नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. रान म्हणजे झाडी आणि पाणी, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं की बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर असलेलं नान्नज मला आठवायलाच वेळ लागला. आमच्या लेखी ते सोनाका द्राक्षाचं गाव. तिथलं माळढोक अभयारण्य म्हणजे रस्त्यावरून दिसणारी एक पाटी.

वळवाच्या दोन सरी होऊन गेल्या, तशी एका पहाटे आम्ही निघालो. माझ्याकडे जुना कॅमेरा, तिच्याकडे तिच्या आईचा फोन. फाटकाशी नोंद केली, पावती फाडली, वाट दाखवायला तिथलाच एक रखवालदार सोबत आला.

आणि समोर काहीच नव्हतं. करड्या-पिवळ्या गवताची उतरती जमीन, मधूनमधून दगड, लांबवर क्षितिज. भाचीनं फोन वर केला, खाली केला. ‘मामा, इथं लोड नाही झालं अजून,’ ती म्हणाली. मी हसलो खरा, पण मलाही तसंच वाटत होतं.

‘बसा हितंच,’ रखवालदार म्हणाला. ‘चालू नगा. आपण थांबलो की ते हालतंय.’

बसलो. पायजम्यात कुसळं घुसायला लागली. पहिल्यांदा आवाज आला, वरून. एक काळं-करडं, चिमणीपेक्षाही लहान पाखरू शीळ घालत वर चढलं, पंख मिटून दगडासारखं खाली पडलं आणि जमिनीला टेकणार तेवढ्यात पुन्हा उसळलं. डोंबारी चंडोल. नाव किती नेमकं ठेवलंय, ते त्याच्या कोलांट्या पाहिल्यावरच कळतं. खाली उतरला आणि नाहीसा झाला. उडून गेला नव्हता, ढेकळांत बसला होता. आम्हालाच दिसत नव्हता. मी कॅमेरा रोखून बसलो आणि एकामागून एक मातीचे फोटो काढले. त्यातल्या एकात एक ढेकूळ बाकीच्यांपेक्षा जरा गोल आहे. तोच चंडोल, असं मी आजही शपथेवर सांगतो.

पुढे धाविक दिसला. तुरुतुरु धावतो, एकदम थांबतो, थांबला की गवतात विरतो. पखुर्ड्यांची जोडी पायाजवळून भर्रकन उठली तेव्हा भाची किंचाळली. या माळावर लपायला आडोसा नाही, म्हणून इथले बहुतेक पक्षी अंगावरच मातीचा रंग घेऊन आलेले. अंडीसुद्धा उघड्या जमिनीवर. फोटोग्राफरला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही. काळवीट मात्र सापडला. काळी पाठ, पांढरं पोट, पिळाची शिंगं. त्याच्यामागे माद्यांचा कळप. लांब होता, पण भाचीच्या फोनमध्ये मावला. ‘एक!’ ती म्हणाली. यादी चालू झाली होती.

माळढोक दिसणार नाही, हे रखवालदारानं आधीच सांगून टाकलं. ज्याच्या नावानं हे अभयारण्य 1979 मध्ये झालं, तो इथे आता वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी दिसला तर बातमी होते. देशातही जेमतेम शंभर-दीडशे उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत जाणारा. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढं वजन फारच थोड्यांचं. मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते. समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगाला चटकन वळता येत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना आदळून मरतात. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचं नाव सुचवलं होतं. 1963 मध्ये मान गेला मोराला. मोर दिसायला देखणा, फोटोत भरतो. माझ्या मते माळढोकची हार तिथेच सुरू झाली असावी, पण हा आपला माझा तर्क.

परतताना वाटेत झाडांची एक रांग लागली. गर्द, हिरवी. भाची सावलीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘इथं बरं आहे. सगळीकडे अशीच लावायला पाहिजेत.’

रखवालदारानं डोक्यावरचा गमछा काढून घाम पुसला. ‘ताई, ही ग्लिरिसिडिया. मागं लावल्याली. माळढोकाला झाड नको असतंय. त्येला लांबपातूर दिसाया पायजे. झाड आलं की खाली गवत जातं, वर कावळा बसतो, कावळ्याला अंडं दिसतं.’

ती गप्प झाली. ‘म्हणजे झाड लावणं वाईट?’ तिनं मला विचारलं. तिच्या शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा’ लिहिलंय, तिच्या खेळानं तिच्या नावाचं झाड लावलंय, आणि हा माणूस सांगत होता की इथलं झाड आगंतुक आहे. मला सुचलं ते मी सांगितलं: जिथं मुळातच जंगल होतं तिथं झाड हवं, हा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे, हा माळच आहे. पण मोठ्या माणसांनाही हे पटवणं अवघड. सरकारी नकाशांत झुडपी माळांची गणती पडीक जमिनीत होते. पडीक म्हटलं की तिथं काहीतरी करावंसं वाटतंच: झाडं, वसाहत, सौरऊर्जेची तावदानं. मी स्वतः इतकी वर्षं बार्शी रस्त्यानं जाताना या जमिनीकडे पाहून ‘इथं काहीच पिकत नाही’ एवढंच म्हणत आलो होतो.

गावातल्या टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा भाचीनं तिच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. ‘इथला महापौर कोण? म्हणजे पक्षी कुणामुळे गेले?’

बाकड्यावरचे एक म्हातारबाबा तिच्याकडे वळले. ‘आमच्यामुळं म्हणत्यात, पोरी.’ मग त्यांनी सांगितलं ते ऐकताना तिचा चहा निवला. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं जवळपास 8,500 चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, कामांना परवानग्या लागू लागल्या. ‘पोरीच्या लग्नाला रान इकाया काढलं, तर म्हणले पक्ष्याचं हाय.’ जो पक्षी आजोबा-पणजोबांच्या काळापासून बांधावर फिरायचा, तो एकाएकी सातबाऱ्यावर बसलेला शत्रू झाला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर माणसांचीही मनं गेली होती आणि पक्षीही. मधल्या काळात विहिरी झाल्या, ऊस आला, द्राक्षं आली. जिरायती ज्वारी-बाजरीच्या रानात फिरणाऱ्या पक्ष्याला बागायती शेतात जागा नव्हती. द्राक्षबाग लावणाऱ्याला खलनायक कसं म्हणायचं? आम्हीच सकाळी त्याची द्राक्षं खातो.

भाची गाडीत बराच वेळ काही बोलली नाही. मग मध्येच म्हणाली, ‘त्या आजोबांची सही मिळवायची असेल तर कोणतं काम करावं लागेल?’

याचं उत्तर मला आलं नाही. जमीन मोकळी करून देणं, तारा जमिनीखाली घालणं, गवत राखल्याचे पैसे देणं... माझी यादी ऐकून ती म्हणाली, ‘एवढ्या कामाला एकच सही? फार महाग आहे.’

सुट्टी संपली, ती पुण्याला गेली. अल्बा मी तिच्याआधी पूर्ण केला होता. शेवट गोड आहे, मला आवडला, आणि उन्हाळ्यात कुणी विचारलं तर मी तो खेळ आजही सुचवतो. पण तिच्या डोक्यात आता दुसराच खेळ शिजतोय. माळावरचा. रोज रात्री ताईच्या फोनवरून त्याचे नियम येतात. नायिका मोटरसायकलवरून फिरणारी रखवालदार. धावलं की पक्षी दिसत नाहीत, बसलं की दिसतात. कुसळ लागलं की दहा सेकंद थांबायचं. पहिल्याच पातळीवर सातबारा काढून आणायचा, ही भर माझी. ग्लिरिसिडिया उपटलं की पाच गुण. यावर तिच्या वर्गात म्हणे मोठं भांडण झालं: झाड तोडून गुण मिळतात असा खेळ कुणालाच पटला नाही, बाईंनाही नाही. तिनं मला बाईंसाठी मराठीत एक पत्र लिहून मागितलंय. दोन पानं झालीत, अजून गवतावरच अडकलोय.