दोन स्प्रिंगा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पुतण्याचं लग्न, मग नुसताच आळस. ज्यांनी फोन करून "काका, लिहिणं बंद केलंत की काय?" असं विचारलं, त्यांचे आभार. आजचा विषय बघून काही जण म्हणतील, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या मास्तरला मोटारीच्या स्प्रिंगांशी काय करायचंय? जरा धीर धरा.

तर झालं असं. सूनबाईने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. चेतक. नाव जुनंच, पण आत इंजिन नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात बजाजने ती जाहीर केली, सुरुवातीला चाकणला बनायची, २०२२ साली आकुर्डीत तिच्यासाठी वेगळा कारखाना सुरू झाला. म्हणजे आमच्या निगडीपासून हाकेच्या अंतरावर. एकेकाळी आकुर्डीच्या कारखान्याचा भोंगा आणि शाळेची घंटा यांवर ज्यांची घड्याळं लागायची, त्या आमच्यासारख्यांना या गोष्टीचं उगाचच कौतुक वाटतं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारून बघा." मी बसलो. मूठ हातात धरली आणि सवयीने मुठीखालून निघणारी काळी केबल शोधली. तिची वायर बोटांनी चाचपल्याशिवाय मी कुठलीच दुचाकी चालवत नाही, हे घरात कोणाला माहीत नाही. इथे ती सापडेना.

"अगं, एक्सलेटरची वायर कुठाय?"

"नाहीच आहे, बाबा. सगळं इलेक्ट्रॉनिक."

मी उतरलो. गुडघा दुखतोय म्हणालो. सगळ्यांना वाटलं, वय झालं.

आता १९८७ सालाकडे जातो. तेव्हा माझ्याकडे एक स्कूटर होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सौ.ला मागे बसवून भाजी घेऊन येत होतो. टिळक चौकातून प्राधिकरणाकडे वळायला मूठ सोडली, तर रेस कमीच होईना. इंजिन किंचाळतच राहिलं. क्लच दाबायचं सुचेपर्यंत पुढचं चाक फुटपाथच्या कडेला धडकलं होतं. मला खरचटलं. तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. हाड जुळलं, पण जरासं वाकडं जुळलं.

तोपर्यंत माझ्या प्रश्नपत्रिका ती लिहायची. तेव्हा सायक्लोस्टाइल होतं. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने अक्षरं कोरावी लागत, जरा जोर जास्त झाला की कागद फाटायचा. तिच्या हातून कधी फाटला नाही. मुख्याध्यापकही स्वतःची परिपत्रकं तिच्याकडे पाठवायचे. त्या शनिवारनंतर तिने स्टेन्सिल कोरलं नाही. आणि माझ्या मागे दुचाकीवर बसणंही बंद केलं. पीसीएमटीची बस, नाहीतर चालत. बोलून दाखवलं नाही कधी. नुसती बस धरायची.

लोकांनी विचारलं, काय झालं हो सर? मी सांगायचो, "वायर अचानक अडकली." शेकडो वेळा सांगितलं असेल. 'अचानक' हे क्रियाविशेषण अव्यय. वाक्यातून काढलं तरी वाक्य मोडत नाही, असं मी वर्गात शिकवायचो. माझं हे वाक्य मात्र त्याच्यावरच उभं होतं.

कारण अचानक काही झालंच नव्हतं. पंधरा दिवस आधी गॅरेजवाल्याने मला मुठीजवळ वायर दाखवली होती. बारीक तारांचा पीळ असतो तो, त्यातल्या दोन-तीन तारा तुटून बाहेर आल्या होत्या. "सर, बदलून टाका, अडकंल कधीतरी," म्हणाला. मी म्हणालो, पगार झाल्यावर बघू. पगार झाला. मी विसरलो. खरं लिहायचं तर विसरलो नाही, टाळलं.

हे इतक्या वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही.

सूनबाईच्या स्कूटरने हे सगळं पुन्हा वर आणलं. वायर होती तर तपासता तरी येत होती. आता वायरच नाही, मग मूठ सोडल्यावर परत कोण आणणार? हा प्रश्न घेऊन मी यमुनानगरला माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये गेलो. (नाव लिहू नका म्हणालाय. दहावीला मराठीत काठावर पास झाला होता, त्याची त्याला अजून लाज वाटते. मला नाही वाटत.)

त्याने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला आणि कपाटातून एका मोटारीची काढून ठेवलेली थ्रॉटल बॉडी आणली. नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढं ॲल्युमिनियमचं धूड. मधे गोल भोक आणि भोकात नाण्यासारखी झडप. ही झडप जेवढी उघडेल तेवढी हवा इंजिनात, आणि तेवढी रेस. पूर्वी पायाखालच्या पेडलपासून वायर थेट या झडपेला यायची. आता वायर नाही. झडपेच्या बाजूला एक छोटी मोटर आणि दातेरी चाकं असतात. पाय पेडलवर किती दाबलाय ते सेन्सर संगणकाला सांगतो आणि संगणक मोटरला हुकूम देतो.

"सर, बोटाने उघडा."

मी झडप बोटाने ढकलली. चांगला जोर लागला. बोट काढलं तशी खटकन मागे आली.

"आता नीट बघा. पूर्ण बंद झालीय का?"

झाली नव्हती. बारीक फट राहिली होती. त्याने ती फट बोटाने दाबून बंद केली आणि बोट काढलं. झडप पुन्हा तेवढीच उघडली! मी तीनदा करून बघितलं. उघडली की मिटते, मिटवली की जराशी उघडते. आत दोन स्प्रिंगा आहेत, म्हणाला. एक मिटवणारी, जोराची. दुसरी पूर्ण मिटू न देणारी. दोघींची ओढ जिथे जुळते तिथे, त्या बारीक फटीवर, झडप येऊन थांबते. मोटरला काहीही करायचं असेल, अगदी झडप पूर्ण मिटवायची असेल, तरी कुठल्या तरी स्प्रिंगेशी झगडावं लागतं. वीज गेली, मोटर जळली, संगणक बंद पडला की झगडणारा उरत नाही आणि स्प्रिंगा झडपेला त्या फटीवर आणून सोडतात.

"पण फट कशाला ठेवायची? बंदच का नाही करत?"

"सर, बंद झाली तर गाडी हायवेवर मधेच मरेल. एवढ्या फटीत इंजिन चालू राहतं, हळूहळू कडेला घेता येते, जमलं तर गॅरेजपर्यंत येते. लिंप होम म्हणतात. म्हणजे..." तो अडखळला.

"लंगडत घरी," मी म्हणालो.

"हां सर. तेच."

मी कोल्हापूरकडचा. लहानपणापासून राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ऐकत आलोय. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात, माणूस तिथे असो वा नसो. पावसाळ्यात पेपरात बातमी येतेच. मला ती नेहमी दैवी गोष्ट वाटायची. या गॅरेजमध्ये पहिल्यांदा कळलं की यात हुशारी नेमकी कुठे असते. यंत्र चालू असताना ते काय करतं यात नाही, त्याला कोणी विचारणारा नसताना ते कुठे जाऊन बसतं यात.

पेडलमध्येही एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात. इथे मात्र दोघींचं काम एकच, पेडल वर आणणं. एक तुटली तरी दुसरी पुरते. अमेरिकेत हा नियमच आहे, १९७३ पासून. रेस परत आणायला कमीत कमी दोन स्वतंत्र साधनं हवीत, त्यातलं एक निकामी झालं तरी रेस खाली आली पाहिजे, आणि साध्या मोटारीत ती एका सेकंदात आली पाहिजे. कडाक्याच्या थंडीत तीन सेकंदांची मुभा. टिळक चौकात मला एक सेकंद केवढा मोठा असतो ते कळलं होतं.

सेन्सरही दोन असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या बरोब्बर निम्मा ठेवतात. संगणक दोन्ही ताडून बघतो, हिशेब जुळला नाही की रेस मर्यादित करून टाकतो. दोन कॉपीबहाद्दरांना वेगवेगळ्या बाकांवर बसवण्यासारखं आहे हे.

"आणि इलेक्ट्रिक स्कूटरचं काय?" मी मूळ मुद्द्यावर आलो.

तिथे झडपच नाही. मुठीत एक लोहचुंबक, शेजारी हॉल सेन्सर आणि मूठ परत फिरवणारी स्प्रिंग. चुंबक फिरलं की सेन्सरचा व्होल्टेज बदलतो. मला आवडलं ते पुढचं. मूठ पूर्ण सोडलेली असतानाही सेन्सर शून्य सांगत नाही. साधारण एका व्होल्टच्या आसपास काहीतरी सांगत असतो. का? तर शून्य आलं की समजायचं, तार तुटली. लगेच मोटरची वीज बंद. हजेरी घेताना जसं असतं ना, एखादा मुलगा पुटपुटत का होईना "हजर" म्हणतो. काहीच आवाज आला नाही तर मुलगा शांत बसलाय असं मास्तरने समजायचं नसतं. शिवाय ब्रेकच्या दांडीलाही स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटरची ताकद तुटते.

आमच्या पुणे-लोणावळा लोकलच्या मोटरमनचंही असंच आहे. हँडल दाबून धरलेलं असेल तरच गाडी चालते, हात निसटला की ब्रेक लागतात. आकुर्डी स्टेशनवरून इतकी वर्षं ती गाडी पकडली, पण पुढच्या डब्यात एक माणूस काहीतरी सतत दाबून धरून बसलाय हे डोक्यात कधी आलं नाही.

घरी येऊन मुलाला हे सगळं उत्साहाने सांगितलं, तर त्याने टोयोटाची हकीकत ऐकवली. २८ ऑगस्ट २००९ ला सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीची रेस अडकली आणि आतले चौघे गेले. चालवणारा महामार्ग पोलिसातला होता, म्हणजे नवशिका नव्हे. गाडीत चुकीच्या मापाचं पायपुसणं घातलेलं होतं, त्याच्यात पेडल अडकलं. स्प्रिंगा जागेवर होत्या. पण वरून कोणी धरून ठेवलं तर स्प्रिंग काय करणार?

पुढे जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या पेडल चिकटतं म्हणून परत बोलावल्या. त्याचं कारण ऐकून मी थक्क झालो. वायर गेल्यावर पेडल पायाला अगदी पोकळ लागायला लागलं, म्हणून त्यात मुद्दाम घर्षण देणारा भाग बसवतात. जुन्या वायरीची आठवण पायाला राहावी म्हणून! तोच भाग झिजून, दमट हवेत चिकटत होता. इलेक्ट्रॉनिक्सचं काय, म्हणून नासाच्या अभियंत्यांकडून तपास करवला, २०११ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. गाडी अशी सुसाट सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. २०१३ साली ओक्लाहोमातल्या ज्यूरीने दुसऱ्या एका अपघातात मात्र कंपनीविरुद्ध निकाल दिला, तिथे बोट सॉफ्टवेअरकडे होतं. असो. त्यात मी पडत नाही. माझं डोकं त्या पायपुसण्यापाशीच अडकलं.

कारण माझ्या स्कूटरच्या कार्बोरेटरमध्येही स्प्रिंग होती. एकच, पण चांगली. पुढे गॅरेजवाल्याने उघडून दाखवली होती, बिचारी शाबूत होती. मी मूठ सोडली तेव्हा तिने ओढलं असणार, पूर्ण ताकदीने. तुटक्या तारा वायरीच्या नळीत रुतून बसल्या होत्या. ती ओढत राहिली आणि त्या तिला सोडेनात. त्या तारा तिथे कोणी ठेवल्या होत्या ते वर लिहिलंय.

हा लेख टाकण्याआधी सौ.ला वाचून दाखवायचा की तिने तो तुमच्याबरोबरच वाचायचा, हे ठरत नव्हतं. शेवटी काल रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. 'टाळलं' या शब्दापाशी तिचे हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले. पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं,

"वायर केवढ्याला होती तेव्हा?"

"दहा-बारा रुपये असेल."

"अन् प्लॅस्टरचे?"

मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. आकडा सांगितला आणि मेथीची देठं गोळा करून आत गेली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "कार्बोरेटर दोनदा दोन प्रकारे म्हणालात. एक काहीतरी ठरवा." ते दुरुस्त केलंय.

आज सकाळी मी आवारात स्कूटरवर तीन चकरा मारल्या. मूठ सोडली की गाडी लगेच खाली येते, दर वेळी. मुठीखाली बोटं तरीही जातातच. सौ. बँकेत जायला सूनबाईच्या मागे बसून गेली, डाव्या हाताने धरून. माझ्या मागे बसशील का, हे मी अजून विचारलेलं नाही.