झाड उतरवायचे पैसे

आमच्या मुळशीकडं झाडाचे पैसे झाडवाल्याला मिळायचे. बांधावरचा आंबा वठला की वखारवाला यायचा. बुंध्याला दोन्ही हातांनी कव घालायचा, शेंड्याकडं बघत तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि आकडा सांगायचा. आबा नुसती मान हलवायचे. मग चहा, पुन्हा आकडा, आणि दिवस मावळता मावळता व्यवहार ठरायचा. तोडणं, ओढणं, गाडी भरणं सगळं वखारवाल्याचं. आबांच्या हातात नोटा आणि बांधावर ऊन.

1989 साली मामाच्या हाताखाली पुण्यात आलो, तर इथं सगळं उलटं. एरंडवण्यातल्या एका बंगल्यात आम्ही झाड तोडलं. बाईंनी मामाला पैसे मोजून दिले आणि वर म्हणाल्या, "लाकूडही घेऊन जा हो." मला काही टोटल लागेना. झाडही द्यायचं आणि पैसेही?

टोटल लागायला दोन-तीन वर्षं गेली. रानात झाड मोकळ्यावर पडतं. बुंध्याशी घाव घातला, दोर ओढला, संपलं. शहरात झाडाखाली कौलं असतात, पाण्याची टाकी, शेजाऱ्याची गाडी, विजेची तार. म्हणून इथं झाड पाडायचं नसतं, उतरवायचं असतं. फांदी आधी दोरानं वरच्या बेचक्यात बांधायची, खाली दोघांनी दोराला बुंध्याचा वेढा देऊन ताण धरायचा, आणि मग वरच्यानं करवत चालवायची. फांदी पाळण्यातल्या पोरासारखी खाली आली पाहिजे. आणि एवढं करून हाती काय, तर गुलमोहर. त्याच्या लाकडाला वखारीत कुणी विचारत नाही. बेकरीवाल्यानं घेतलंच तर टेम्पोच्या खेपेपुरतेही पैसे सुटत नाहीत. नारळाचं तर नावच नको.

गिऱ्हाइकाला हे पटवणं म्हणजे वेगळंच काम. "अहो, एवढं लाकूड तुम्हाला फुकट मिळतंय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फाटकाची कडी वाजवतानाच मला ते ऐकू येतं.

झाड किती उंच हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो खाली काय आहे, टेम्पो कुठवर येतो, आणि तार कुणाची. महावितरणची तार असली तर वीज बंद करून घ्यावी लागते, ती साधारण गुरुवारी, मग काम त्या वारावर अडतं. एका गुलमोहराचा हिशेब सांगतो, बंगल्यातला, दोन दिवसांचा. चढणाऱ्याचे रोजचे 1,800, म्हणजे 3,600. खालचे चौघे रोज 800 नं, 6,400. टेम्पोच्या दोन खेपा 5,000. मशीनचं पेट्रोल, ऑइल, दोराची झीज 1,000. झाले 16,000. माझे 3,000. मी 19,000 सांगितले आणि कागदावर असंच लिहून दिलं. मामानं कधी लिहून दिलं नाही. तो फाटकातली गाडी बघून आकडा बोलायचा आणि म्हणायचा, "ज्याला परवडतं त्यानं द्यावं." मामाचं मला पुरतं चुकीचं वाटत नाही, पण मला जमत नाही.

परवानगीचे पैसे मी धरत नाही. झाडं तोडण्याबद्दलचा कायदा 1975 चा आहे, अर्ज मालकानंच महापालिकेत करायचा. झाडावर नोटीस लागते, हरकतीला सात दिवस असतात. तो कागद बघितल्याशिवाय मी दोर टाकत नाही. "रात्रीत उरका, दुप्पट घ्या," म्हणणारे भेटतात. त्यांना दुप्पट देणं सोपं, गुन्हा तोडणाऱ्यावरही येतो.

खरं अवघड गेलं ते सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. मागच्या चौकात वाळलेला उंबर, भिंतीवर कललेला. परवानगी मिळालेली. आजी एकट्या, पेन्शनीवर. बोळ एवढा अरुंद की लाकूड डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यायचं. हिशेब केला, 22,000 आले. आजींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "बंगल्यातल्यांना एकोणीस सांगतोस आणि मला बावीस? हा कुठला न्याय रे?"

बोलायला शब्दच सुचेना. कमी करावेत तर ते पोरांच्या मजुरीतून जाणार, माझे 3,000 सोडले तरी 19 च होतात. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि विचारलं, "हे वाहून न्यायचे आणि टेम्पोचे किती?" साडेआठ हजार. "मग वाहून नेऊच नका. ओंडके करून चौकात रचा. माझा बंब अजून पेटतो. आणि बुंधा कमरेएवढा राहू दे, कपडे वाळत घालायला दोरी बांधीन." साडेतेरात काम झालं. उंबर म्हणून पोरांनी आधी नारळ फोडला, तोही आजींनीच दिला.

आता त्या गुलमोहराचं. 19,000 चं काम मला मिळालंच नाही, दुसऱ्या कुणी 11,000 त घेतलं. कसं, ते माझ्याच कागदावरून कळतं: एक दिवस, खाली दोघंच, दोर धरायला माणूस नाही. वर चढलेला पोरगा आमच्या शेजारच्या वाडीचा. गुलमोहराची फांदी वाकून इशारा देत नाही, काडकन मोडते. पोरगा कंबरेवर पडला. ठेकेदारानं पहिलं बिल भरलं, मग फोन उचलेना. बंगलेवाले म्हणाले, आम्ही उक्तं दिलं होतं.

आठ महिन्यांनी तो काठी टेकत माझ्याकडं आला. चढणं संपलंय. पण झाड वाचायची नजर त्याच्यासारखी माझ्याकडं कुणाचीच नाही. कुठली फांदी पोकळ, कुठं मुंग्यांनी घर केलंय, कुठल्या बेचक्याला दोर झेपेल, हे तो खालूनच सांगतो. काम चालू असताना खुर्ची टाकून बसतो आणि वर बघत ओरडतो. कागदावर त्याची वेगळी ओळ असते, 900 रुपये.

परवा प्रभात रोडला एका साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा बसून राहणारा माणूस कशाला? एवढे कमी करा."

मी म्हणालो, "बाकी कुठलीही ओळ खोडा, आपण बोलू."

त्यांनी टेम्पोची एक खेप खोडली. पाचोळा माळ्याकडून उचलून घेतो म्हणाले.