तोंडचं पाणी

लाळ या शब्दाला मराठीत काही मान नाही. लाळघोटेपणा काय, लाळ गाळणं काय, सगळे वापर कमीपणाचेच. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, हे मला बाबांच्या आजारपणात कळलं. एरवी तिच्याकडे कोण लक्ष देतं!

बाबांना फुप्फुसाचा कर्करोग होता. शेवटचे अडीच महिने ते घरीच होते. वेदनेसाठी मॉर्फिन, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि तोंड उघडं ठेवून चाललेला श्वास. तिन्ही गोष्टी तोंड कोरडं करणाऱ्या. जीभ टाळूला चिकटायची, मऊ भातसुद्धा घशाखाली उतरायचा नाही. जन्मभर वर्गात शिकवलेला हा माणूस दोन शब्द बोलून गप्प व्हायचा. भेटायला येणारे म्हणायचे, "थकलेत, पडू द्या त्यांना." पण बऱ्याचदा थकवा नसायचाच, जीभच वळत नसायची.

घरी येणाऱ्या नर्सताईंनी आम्हाला शिकवलं. एकदम पेलाभर पाणी नको, ठसका लागतो. डोकं उंचावर ठेवायचं आणि चमचा चमचा पाजायचं, पण वारंवार. बर्फाचे छोटे खडे चघळायला द्यायचे. आम्ही कोकम सरबताचेही केले, ते बाबांना फार आवडले. पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून खुळखुळून टाकायचं. मऊ ब्रशने जीभ हलकेच पुसायची. कवळी रात्री काढून धुवून ठेवायची.

काय करायचं नाही, तेही त्यांनीच सांगितलं. शेजारच्या काकूंनी लिंबू-ग्लिसरीन सुचवलं होतं. त्याने क्षणभर बरं वाटतं, पण लिंबू झोंबतं आणि नंतर तोंड जास्तच सुकतं. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. ऑक्सिजन चालू असताना ओठांना व्हॅसलीन नको, पाण्यात विरघळणारं मलम लावायचं. मध्ये एकदा जिभेवर पांढरे चट्टे दिसले. ती बुरशी निघाली, डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी गेली. म्हणून रोज टॉर्च लावून तोंड बघायचं.

सलाईनवरून मात्र घरात वाजलं. काका म्हणाले, "अरे, घसा सुकलाय दादाचा, आणि तुम्ही चमचे कसले मोजताय? सलाईन लावा." डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. या टप्प्यावर सलाईनने तोंडाचा कोरडेपणा जातोच असं नाही. उलट ते पाणी अंगात साठून सूज येऊ शकते, छातीतली घरघर वाढू शकते. तोंड ओलं राहिलं की तहानेचा त्रास बराच कमी होतो. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा पडा. हा चमचा मी बघतो." पाच ते सातची पाळी शेवटपर्यंत त्यांचीच होती.

तोंड नीट ओलं केलं की बाबांना दहाएक मिनिटं बोलता यायचं. मग आम्ही त्या हिशोबाने आत्याला फोन लावू लागलो. आधी बर्फाचा खडा, मग फोन. एकदा त्या दहा मिनिटांत आईला हाक मारून म्हणाले, "पेन्शनचं पुस्तक डाव्या खणात आहे. आणि चहात साखर कमी घालत जा, तुझी शुगर वाढलीये." आई हसली, मग पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली.

पुढे गिळणं बंद झालं. मग नुसता ओला स्पंज ओठांवरून आणि गालाच्या आतून फिरवायचा. बाबा डोळे मिटूनच तो चोखायचे.

आपल्याकडे माणूस जाताना तोंडात गंगाजल घालतात. बाबांनाही तुळशीच्या पानाने घातलं. पण मला विचाराल तर त्याआधीचे ते चमचे काही कमी पुण्याचे नव्हते.

आजारी माणसाच्या घरी गेल्यावर काय बोलावं हे सुचत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. बोलू नका हवं तर. घरच्यांना विचारून वाटी-चमचा हातात घ्या आणि अर्धा तास बसा.